शाळेत चिठ्ठ्या गोळा करणारी ताई नेमकं काय शोधते?

नववीचा वर्ग, शेवटचा तास. टेबलावर बुटांचा रिकामा खोका, वर सुरीने पाडलेली चीर, कडेने खाकी चिकटपट्टी. अठ्ठावन्न मुलामुलींनी अठ्ठावन्न चिठ्ठ्या टाकल्या. संध्याकाळी खोलीवर येऊन मी एकेक उघडली. ‘अंगावरून पांढरं जातं, त्यानं हाडं झिजतात का?’ ‘झोपेत होतं त्यानं रक्त कमी होतं असं दादा म्हणतो. खरं आहे का?’ ‘पप्पा पिऊन आले की अभ्यास होत नाही. काय करू?’ ‘मला सगळे ढब्बू म्हणतात.’ एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून गिचगिच खोडलेलं होतं आणि खाली ‘प्रश्न नाही’.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी हे काम करत होते. लोक विचारायचे, ‘तुम्ही नव्या बाई का? नर्स? संस्थेकडून आलात?’ मी सांगायचे, ‘रिसर्च फेलो.’ त्यावर ‘म्हणजे काय?’ हे ठरलेलं, आणि त्याच्यापाठोपाठ ‘मग पगार कोण देतं?’

विचारणं रास्तच आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजे फेलोशिपसाठी, विद्यार्थी उपोषणाला बसल्याच्या बातम्या आपण वाचतो. पीएच.डी. करून मुलं काय दिवे लावणार, असा सवाल २०२३ च्या नागपूर अधिवेशनातही निघाला. सगळ्या विषयांचं मला सांगता येणार नाही. शाळेतल्या किशोरवयीन मुलांच्या आरोग्यशिक्षणावर संशोधन करणारं माणूस दिवसभर काय करतं आणि त्यातून काय निघतं, ते मात्र जवळून पाहिलेलं आहे.

फेलोशिप म्हणजे कशाचे पैसे?

नवं बियाणं आलं की शेतकरी सगळं रान एकदम त्याच्याखाली आणत नाही. बांधाकडेचे दोन गुंठे देतो आणि बघतो. पाणी किती लागलं, कीड कधी पडली, शेजारच्या जुन्या वाणापेक्षा उतारा किती जास्त. ही पाहणी रोज, न चुकता, वहीत टिपून करायला कुणाला तरी मोकळा वेळ हवा. फेलोशिप म्हणजे त्या वेळेचे पैसे. सरकारी शब्द ‘अधिछात्रवृत्ती’. बोलताना सगळे फेलोशिपच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ फेलोशिपला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पैसे आले म्हणजे मोकळं रान मिळालं असं नाही. डोक्यावर मार्गदर्शक असतो, ठरावीक मुदतीने प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो, आणि मुलांशी बोलायचं असेल तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्या समितीबद्दल पुढे सांगते.

आरोग्यशिक्षण म्हणजे फक्त ‘तो’ धडा नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ हे किशोरवय. २०११ च्या जनगणनेत भारतात या वयाची सुमारे २५ कोटी मुलंमुली होती. त्यांच्यासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. आपल्याकडे ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकची पाटी दिसते, ती त्यातलीच. २०२० साली आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्य कार्यक्रम आला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक सर आणि एक बाई, अकरा विषयांचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. भावना ओळखणं, आहार, व्यसन, मारहाण, अपघात, मोबाईलचा वापर, पाळी आणि प्रजनन असे सगळे विषय त्यात येतात. ‘लैंगिक शिक्षण’ म्हणून ज्याच्यावर वाद होतो तो यातला एक हिस्सा आहे.

म्हणजे काय शिकवायचं ते कागदावर आहे. मग संशोधन कशाचं?

निळ्या गोळीचं उदाहरण घेते. शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी देतात. रक्तक्षयावर लोह उपयोगी पडतं, यात शंका नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला आहारापासून बरीच कारणं आहेत. पण एका शाळेत खिडकीखालच्या गवतातून मी स्वतः निळ्या गोळ्या वेचल्या आहेत. रजिस्टरमध्ये ‘गोळी दिली’ असं होतं आणि ते खोटं नव्हतं, दिलीच होती. पोटात गेली नव्हती. मुलींशी बोलल्यावर कळलं की गोळी सकाळी परिपाठानंतर वाटत. बऱ्याच जणी घरून उपाशी आलेल्या, त्यांना मळमळायचं. एकीला काळी शौच झाली, तिने मैत्रिणींना सांगितलं, आणि ‘गोळीने आतडं जळतं’ ही बातमी वर्गभर झाली. लोहाच्या गोळीने शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे वाक्य त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गोळी जेवणानंतर द्यायची, हेही कुणी पाहिलं नव्हतं.

औषध आणि माणूस यांच्यामध्ये असं जे काही अडकतं, ते शोधणं हे या संशोधनाचं निम्मं काम.

माझी खोक्याची चूक

उरलेलं निम्मं म्हणजे मोजणं, आणि ते नीट करणं. इथे मला माझी पहिली शाळा आठवते. मी वर्गात म्हणाले, ‘ज्यांना प्रश्न असतील त्यांनी चिठ्ठी टाका.’ एक मुलगा उठला. मागच्या बाकावरून ‘ओऽऽ’ असा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून त्याला नाव पडलं. त्या वर्गातून मला चार चिठ्ठ्या मिळाल्या आणि एका मुलाला माझ्यामुळे त्रास झाला. पुढच्या शाळेपासून नियम केला: प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, विचारायचं नसेल तर ‘प्रश्न नाही’ लिहायचं, कागद सगळ्यांचा सारखा, घडी सारखी. आकडा चारावरून अठ्ठावन्नावर गेला.

चार चिठ्ठ्यांवर थांबले असते तर अहवालात लिहिलं असतं की इथल्या मुलांना फारसे प्रश्न नाहीत. प्रश्न तेवढेच होते, विचारण्याची रीत चुकली होती. ‘पद्धतीशास्त्र’ असा जड शब्द पुस्तकात असतो, तो याच गोष्टीसाठी.

शितावरून भाताची परीक्षा कुठे फसते?

समजा, एक नवा उपक्रम आहे आणि तो उपयोगी आहे का ते पाहायचंय. एका वर्गातल्या अर्ध्या मुलांना तो दिला, अर्ध्यांना नाही, आणि वर्षाअखेर तुलना केली तर? जमत नाही. एका बाकावरच्या मुलीला सांगितलेलं मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला कळतं. म्हणून चिठ्ठ्या मुलांच्या नावाने न टाकता शाळांच्या नावाने टाकतात: या शाळांना उपक्रम, त्या शाळांना नेहमीचं. चिठ्ठ्याच का, तर संशोधकाने शाळा निवडल्या तर तो नकळत उत्साही मुख्याध्यापकांच्याच निवडेल आणि मग यश उपक्रमाचं की मुख्याध्यापकांचं, ते कळणार नाही.

यात एक मेख आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यातली असतात. एका शाळेतली मुलंही एका पातेल्यातलीच असतात. तेच शिक्षक, तेच गाव, तोच रस्ता. शंभर मुलांना विचारलं तरी उत्तरं बरीचशी सारखी येतात. समजा हा सारखेपणा अगदी थोडा, शंभरात पाच भागच आहे. तरी संख्याशास्त्राच्या हिशेबाने एका शाळेतली ती शंभर मुलं वेगवेगळ्या शाळांतल्या साधारण सतरा मुलांएवढीच माहिती देतात. लग्नाच्या पंगतीचा भात जोखायचा तर एकाच पातेल्यातली शंभर शितं चेपून चालत नाही, पातेली जास्त उघडावी लागतात.

त्यामुळे कुणी ‘आम्ही एका शाळेतल्या पाचशे मुलांवर प्रयोग केला’ असं सांगितलं, की मी आधी विचारते, शाळा किती?

नालंदात काय झालं?

या पद्धतीने झालेला आपल्या देशातला एक मोठा अभ्यास बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला. नाव ‘सेहेर’, म्हणजे पहाट. केला गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेने. मानसिक आरोग्यावर काम करणारी ही संस्था १९९६ पासून आहे आणि प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्याआधी गोव्यातल्या शाळांमध्ये असाच उपक्रम लहान प्रमाणावर करून पाहिला होता. आपले दोन गुंठे ते.

नालंदात ७४ सरकारी माध्यमिक शाळांचे तीन गट झाले. ‘तरंग’ हा किशोरवयीनांसाठीचा बिहारचा नेहमीचा कार्यक्रम तिन्ही गटांना होता. एका गटाला तेवढाच. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला नवा उपक्रम आला आणि तो शाळेतल्याच एका प्रशिक्षित शिक्षकाने चालवला. तिसऱ्या गटात नेमका तोच उपक्रम बाहेरून नेमलेल्या ‘सेहेर मित्रा’ने चालवला. हा मित्र किंवा मैत्रीण मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. साधं माणूस, प्रशिक्षण दिलेलं, आणि काम एवढं एकच.

हे काम तीन पातळ्यांवर चालायचं. सगळ्या शाळेसाठी परिपाठातलं बोलणं, भित्तिपत्रक, स्पर्धा आणि मनातलं लिहून टाकायची पेटी. वर्गासाठी मुलांचे गट आणि कार्यशाळा. एकेकट्या मुलासाठी समुपदेशन.

सुरुवातीला १३,०३५ नववीच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, आठ महिन्यांनी १४,४१४ जणांकडून. मुख्य मोजमाप कशाचं होतं? पाळीची माहिती किती पाठ झाली याचं नव्हतं. ते होतं ‘शाळेच्या वातावरणा’चं: इथे मला सुरक्षित वाटतं का, शिक्षक माझं ऐकतात का, ही शाळा आपली वाटते का. त्याच्या जोडीला उदासी, चिडवाचिडवी, मारहाण, मुलगा-मुलगी समानतेबद्दलची मतं आणि प्रजनन आरोग्याची माहिती.

निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. मित्र असलेल्या शाळांमध्ये वातावरण ठळकपणे सुधारलं. उदासी कमी झाली, चिडवाचिडवी आणि मारहाण कमी झाली. काम पुढच्या वर्षीही चालू ठेवलं, तर दोन वर्षांअखेर फरक आणखी वाढलेला दिसला. आणि शिक्षकांनी तोच उपक्रम चालवलेल्या शाळांमध्ये नुसत्या ‘तरंग’वाल्या शाळांपेक्षा फरक पडला नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी तो तक्ता तीनदा पाहिला होता. साहित्य तेच, पुस्तिका तीच, जिल्हा तोच. बदलली ती फक्त सांगणारी व्यक्ती.

मग आमचे शिक्षक वाईट का?

नाही. हा निष्कर्ष शिक्षकांवर ढकलला तर फार मोठा अन्याय होईल. आपल्याकडच्या माध्यमिक शिक्षकाचा दिवस पाहा. तासिका, पेपर, निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, शालेय पोषण आहाराचा हिशेब, रोज नवं ॲप, रोज नवी ऑनलाइन माहिती. त्यात ‘आता मुलांच्या मनाचंही बघा’ अशी भर पडली की ते काम यादीत शेवटी जाणारच.

दुसरं कारण मला मुलांनीच शिकवलं. दहावीची एक मुलगी म्हणाली, ‘बाई चांगल्या आहेत, पण त्याच आमच्या प्रॅक्टिकलचे मार्क देतात ना.’ गुण देणारं, हजेरी घेणारं, आईला शाळेत बोलावणारं माणूस कितीही मायाळू असलं तरी त्याच्यापुढे सगळं बोलता येत नाही. तिथे बाजूचं, आपलं वाटणारं, पण सत्ता नसलेलं कुणीतरी लागतं. पूर्वी घरातली आत्या किंवा आजोळची मावशी ही जागा भरून काढायची.

एका जिल्ह्याच्या अभ्यासावरून सगळीकडे शिक्षक बाजूला करा, असंही मी म्हणणार नाही. नालंदाचं पातेलं वेगळं, नंदुरबारचं वेगळं, पुण्याच्या उपनगरातल्या शाळेचं तिसरंच. म्हणूनच ठिकठिकाणी फेलो लागतात. पण शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन ‘योजना राबवली’ असा शेरा मारण्याआधी हा निकाल अधिकाऱ्यांनी वाचायला हवा, एवढं मी ठामपणे म्हणेन.

‘असलं सांगून पोरं बिघडतात’

ही शंका पालकसभेत कुणी मोठ्याने विचारत नाही, सभा संपल्यावर व्हरांड्यात विचारतात. शंका जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमावर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी बंदी घातली, तेव्हाही मुद्दा हाच होता.

यावर जगभर भरपूर मोजमाप झालं आहे. युनेस्कोने ते अभ्यास एकत्र तपासून २००९ मध्ये आणि सुधारून २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली. शास्त्रशुद्ध माहिती मिळाल्याने मुलं लवकर संबंधांकडे वळतात, असं आढळत नाही. उलट वय पुढे जायला आणि जोखीम कमी व्हायला मदत होते.

आणि त्या खोक्यातली चिठ्ठी आठवा. पांढरं जाण्याने हाडं झिजतात, ही भीती त्या मुलीला शाळेने घातली नव्हती. ती कुठून तरी आलीच होती. थोडा पांढरा स्राव होणं या वयात नैसर्गिक आहे. खाज, दुर्गंधी किंवा रंगात बदल असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. एवढं ऐकायला ती किती महिने थांबली होती कुणास ठाऊक. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांमधून हीच उत्तरं अनेक वर्षं दिली जात आहेत, आणि तीही अस्सल मराठीत, लाजेचा पडदा बाजूला करून.

‘आमच्या मुलांवर प्रयोग कसला करता?’

बदलापूरच्या २०२४ च्या घटनेनंतर शाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाकडे पालक संशयाने पाहतात. पाहायलाच हवं. त्यामुळे फेलोला काय बंधनं असतात, ते पालकांना नीट ठाऊक असावं.

नैतिकता समिती म्हणजे संशोधन सुरू होण्याआधी ते मुलांना अपाय करणारं नाही ना, हे तपासणारी मंडळी. त्यात डॉक्टर असतात, तसे कायद्याचे जाणकार आणि सामान्य नागरिकही. मुलाचं वय अठराच्या आत असेल तर पालकांची लेखी संमती लागते. तेवढ्यावर भागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी अनुमती वेगळी घ्यावी लागते. आईबाबांनी सही केली आणि मुलगी ‘मला नाही भरायचं’ म्हणाली, तर विषय संपला. अर्ध्यावर सोडायचीही मुभा असते, कारण सांगावं लागत नाही.

मुलांनी सांगितलेलं गुप्त राहतं, पण त्याला एक मर्यादा आहे आणि ती पहिल्याच भेटीत सांगावी लागते. मी असं सांगायचे: ‘तुझं बोलणं माझ्याजवळ राहील. पण तुझ्या जिवाला धोका आहे, किंवा कुणी तुझ्या अंगाला नको तसा हात लावतंय असं कळलं, तर मला गप्प बसता येणार नाही.’ मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे वाक्य ऐकून काही मुलं गप्प होतात. तरी ते आधीच सांगायचं. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात होतो.

इतका वेळ कशाला? चांगलं दिसतंय तर करून टाका ना!

घाईची मला भीती वाटते ती दोन उदाहरणांमुळे. अमेरिकेत १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात जाऊन मुलांना अमली पदार्थांबद्दल सांगायचे. कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की देशभर पसरली. मग अभ्यास येऊ लागले, आणि मुलांच्या व्यसनांवर त्याचा जवळजवळ काही परिणाम होत नाही असं दिसलं. तोवर कितीतरी वर्षं, कितीतरी पैसा आणि मुलांचे कितीतरी तास गेले होते.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. तिथे ८५ शाळांमधल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर, शिक्षकांनी वर्गात सजगतेचे म्हणजे श्वासाकडे, मनाकडे लक्ष देण्याचे सराव घेतले तर काय होतं, ते पाहिलं. २०२२ मध्ये उत्तर आलं: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा नाही. बऱ्याच मुलांनी तो सराव घरी केलाच नव्हता. हे संशोधन फुकट गेलं असं कुणी म्हणेल. मला वाटतं, ते देशभर लागू करण्याआधी कळलं, यासाठी त्या संशोधकांचे आभार मानायला हवेत.

आपल्याकडे शाळेचा एक तास फार महाग आहे. तो ज्या मुलीचा आहे, तिचं कदाचित दोन वर्षांनी लग्न ठरणार असतं. तिला दिलेल्या तासात उपयोगाचंच काही जायला हवं.

तुमच्या शाळेत अशी फेलो आली तर

तिला विचारा: नैतिकता समितीचं मंजुरीपत्र दाखवाल का? मार्गदर्शक कोण आणि त्यांचा फोन काय? माझ्या मुलाचं नाव प्रश्नावलीवर असेल की नुसता क्रमांक? बोलताना मूल रडायला लागलं तर तुम्ही काय करणार, कुणाकडे पाठवणार? संशोधन झाल्यावर निष्कर्ष आम्हाला मराठीत सांगायला याल का? चांगल्या फेलोला या प्रश्नांचा राग येत नाही. शेवटचा प्रश्न ऐकून ती थोडी अवघडेल, कारण निष्कर्ष इंग्रजीत छापून मोकळं होण्याची सवय आमच्या क्षेत्राला आहे आणि ती मोडायला तुमचा आग्रहच उपयोगी पडेल.

मदतीसाठी फेलोची वाट पाहायचं कारण नाही. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

आणि संमतीपत्र घरी आलं की सही करण्याआधी ते मुलाला वाचायला द्या. त्याच्या सहीची जागा खाली वेगळी असते.